बोटीचा एसी ट्रिप होतोय? आधी पाणी बघा

गेटवेसमोर नांगरलेल्या बोटीवर भर मे महिन्यात एसी बंद पडतो, पॅनेलवर हाय प्रेशरचा फॉल्ट येतो आणि लगेच ‘गॅस संपला’ म्हणून मेकॅनिकला फोन जातो. पण गॅस कमी झाला की प्रेशर उतरतं, चढत नाही. प्रेशर चढलंय म्हणजे एसीची उष्णता समुद्राच्या पाण्यात जात नाहीये.

एसी चालू करून बोटीच्या कडेला वाका. पाण्याची सलग धार पडायला हवी. अजिबात नसेल तर समुद्राचं पाणी एसीकडे ओढणाऱ्या पंपाला हात लावून बघा. थरथर नाही म्हणजे ब्रेकर किंवा वायरिंग तपासा.

पंप फिरतोय, तरी पाणी नाही? एसी आणि पंपाचा ब्रेकर पाडा, सीकॉक (बोटीच्या बुडातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करा आणि मगच स्ट्रेनर (पाणी गाळणारी जाळी असलेला डबा) उघडा. हा क्रम चुकवू नका. स्ट्रेनर पाण्याच्या पातळीखाली असतो, बोटीत पाणी शिरेल. जाळी ब्रशने घासा. मुंबईच्या पाण्यात गाळ, शेवाळ, प्लॅस्टिकचे तुकडे हमखास सापडतात. आता झाकण उघडंच ठेवून सीकॉक थोडासा उघडा. पाणी उसळून वर आलं तर वाट मोकळी आहे. नुसतं झिरपलं तर अडथळा बोटीच्या बुडाशी आहे: पाणी आत येण्याच्या तोंडावर चिकटलेली पिशवी किंवा आत वाढलेले शिंपले. त्याला पाणबुड्याच लागतो. सीकॉक बंद करून झाकण लावताना रबरी रिंग नीट बसवा, नाहीतर पंप तिथून हवा ओढतो. मग सीकॉक पुन्हा उघडा.

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेली बोट पुन्हा पाण्यात उतरवली की एअर लॉक (पाइपमध्ये हवा अडकून पाणी थांबणं) ठरलेला. हे पंप हवा ओढून काढू शकत नाहीत. पंप बंद, सीकॉक उघडा; पंपाच्या आउटलेटची क्लॅम्प सैल करून पाइप जरा हलवा. फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच आवळा. दर थोड्या दिवसांनी हेच होत असेल तर पाइपची चाल बघा. सीकॉकपासून एसीपर्यंत तो सतत चढता हवा. मध्ये वर-खाली वळसा असला की तिथे हवा साठते.

धार आहे, पण बारीक? मग बादली लावून मोजा. टनाला मिनिटाला साधारण ११ लिटर पाणी लागतं, म्हणजे एक टनाच्या एसीला १० लिटरची बादली मिनिटाच्या आत भरली पाहिजे. स्ट्रेनर साफ, पाइप कुठे दुमडलेला नाही, तरी भरत नसेल तर कंडेन्सरच्या (गॅसची उष्णता पाण्यात जाते त्या भागाच्या) नळीत क्षार बसलेत. मरीन एसीसाठीचं डिस्केलर (क्षार काढणारं द्रावण) लहान पंपाने त्यातून फिरवून घ्या आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बाथरूमचं अ‍ॅसिड ओतू नका, नळी खाल्ली जाते.