कबड्डीतलं ‘जॅम’ झालेलं बोट: स्पोर्ट्स पोस्टिंगला निघालेल्या नव्या फिजिओंसाठी

पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात सगळे खांद्याच्या टेस्ट घोकतात. नीअर, हॉकिन्स-केनेडी, एम्प्टी कॅन, यर्गासन. मीही रात्र रात्र बसून घोकल्या. त्या आल्याच पाहिजेत, पण त्यातल्या एकट्या टेस्टवर निदान ठरवू नका. मार कसा लागला हे नीट विचारलंत की बरंच कळतं. साखळीत हात मागे खेचला गेला आणि खांदा निखळल्यासारखा वाटला, असं खेळाडू म्हणाला तर सांधा पुढच्या बाजूला सटकला असावा, हे आधी धरून चाला. दंडाच्या वरच्या भागात, बाहेरून, स्पर्श कळतो का ते बघा. तिथे ॲक्सिलरी नर्व्हची, म्हणजे सांधा सटकताना दुखावू शकणाऱ्या खांद्याजवळच्या नसेची, खबर लागते. सांधा जागेवर असेल तरच ॲप्रिहेन्शन टेस्ट, म्हणजे हात बाजूला उचलून बाहेर वळवताना खांदा सटकेल म्हणून खेळाडू घाबरतो का ते बघणं. आणि खांदा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाची मान तपासा. एवढं जमलं तर खांदा तुम्ही निभावून न्याल. घाबरू नका.

घात होतो तो बोटात.

कपडे धरायची मुभा नसली तरी पकडीच्या झटापटीत डिफेंडरचं बोट चढाईवाल्याच्या जर्सीत अडकतंच. बोट आवळलेलं असतं, समोरचा जिवाच्या आकांताने मध्यरेषेकडे झेपावतो आणि बोट हिसक्यासरशी सरळ होतं. शेवटच्या पेराला चिकटलेली, टोक वाकवणारी खोलवरची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन), फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस, हाडापासून उखडते. बहुतेक वेळा अनामिकेचीच.

खेळाडू येतो तो बोट पुढे करतच. “मॅडम, बोट जॅम झालंय, टेप मारून द्या, पुढची मॅच आहे.” तुम्ही मूठ वळायला सांगता. तो वळतो. बोट वाकतं, थोडं कमी वाकतं, पण सूज आहे म्हणून आपण सोडून देतो. मीही इथेच फसले. मूठ वळली म्हणजे कंडरा शाबूत, असं होत नाही. मधला सांधा वाकवायला सुपरफिशियालिस ही वेगळी कंडरा असते आणि तिला काहीच झालेलं नसतं.

म्हणून हे असंच करा. मधलं पेर आपल्या चिमटीत धरून मधला सांधा सरळ ठेवा आणि “फक्त टोक वाकव” म्हणा. नख जागचं हललं नाही तर कंडरा तुटली आहे असंच समजा. दुखण्यामुळे तो घाबरत असेल तर हात मांडीवर सैल ठेवायला लावा. निवांत हातात तर्जनीकडून करंगळीकडे बोटं क्रमाने जास्त वाकलेली असतात. हे एकच बोट त्या ओळीतून सरळ बाहेर आलेलं दिसतं. तळहातही दाबून बघा. तिथे दुखरी गाठ लागली तर कंडरा तिथवर मागे सरकली असण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी तिचा रक्तपुरवठाही तुटलेला असतो. मग ऑपरेशनला साधारण 7 ते 10 दिवसांचीच मुदत मिळते. त्यानंतर कंडरा आखडते, पुन्हा जागेवर आणणं कठीण होतं. ‘सूज उतरली की बघू’ म्हणण्यात हेच दिवस जातात.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं मानू नका. हाडाचा तुकडा निघालाच नसेल तर एक्स-रेत काय दिसणार? तरीही काढा, पण त्या एका बोटाचा, बाजूने.

कोचनी बोट ओढून ‘बसवण्याची’ जी पद्धत आहे तिचा मला मनापासून राग येतो. तपासणी होईपर्यंत बोटाला कुणी हात लावू नये, हे संघाला पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा. शेजारच्या बोटाला टेप बांधून मोकळं होणारे सीनियरही भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण तपासल्याशिवाय टेप बांधू नका. माझ्या मते सगळ्यात चांगला शिक्षक म्हणजे हँड सर्जनची ओपीडी. मिळेल तितके दिवस तिथे नुसतं उभं राहा.

उलट प्रकार, म्हणजे टोक खाली लोंबतं आणि सरळ होत नाही, तो मॅलेट फिंगर. तो बहुधा स्प्लिंटने बरा होतो, पण 6 ते 8 आठवडे टोक एकदाही वाकू द्यायचं नाही, आंघोळीतसुद्धा नाही.

हँड सर्जनकडे पाठवताना चिठ्ठीत ‘बोटाला मार’ एवढंच लिहू नका. कोणत्या हाताचं कोणतं बोट, शेवटचा सांधा स्वतःहून वाकत नाही, आणि मार लागल्याची तारीख, एवढं लिहा. आणि त्याच दिवशी फोन करा.