डीएसएलआर सोडून मिररलेसकडे जाताना जुन्या लेन्सेसचं काय करावं?

मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचं ठरलं की जुनं सगळं एकदम विकून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. बॉडी बदला, अॅडॉप्टर घ्या आणि जुन्या लेन्सेस निदान एक लग्नसराई तरी हाताशी राहू द्या. मग एकेक करून बदला, आणि सुरुवात सगळ्यात छोट्या, स्वस्त लेन्सपासून करा. महागडी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, सगळ्यात शेवटी. हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे. माझं सामान कॅननचं, म्हणून उदाहरणं त्यातलीच घेतो.

आधी अॅडॉप्टर काय करतो ते पाहा

कॅननच्या डीएसएलआरवरचा ईएफ माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा, १९८७ चा. त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी आहे. २०१८ मध्ये आलेल्या, मिररलेसच्या आरएफ माउंटमध्ये आरशाला जागा ठेवावी लागत नाही, म्हणून ते २० मिमी झालं. मधले २४ मिमी भरून काढणारी नळी म्हणजे अॅडॉप्टर. कॅननच्या साध्या अॅडॉप्टरमध्ये एकही काच नसते, फक्त लेन्सचे कॉन्टॅक्ट्स बॉडीपर्यंत पोचवलेले असतात. त्यामुळे फोटोचा दर्जा उतरेल ही भीती मनातून काढून टाका.

उलटं मात्र जमत नाही. आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही. जुनी बॉडी बॅकअप म्हणून ठेवणार असाल, तर दोन्हीकडे चालणारी ईएफ लेन्सच कामाची.

आपल्याच फोटोंचा हिशेब मांडा

लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा फिल्टर लावला की कुठल्या लेन्सने किती फोटो काढले ते लगेच दिसतं. गेल्या वर्षभराचे आकडे पाहा. माझी वाइड झूम (रुंद दृश्य टिपणारी) प्रत्येक कामाला बॅगेत असायची, पण फोटो सगळे ५० मिमी आणि ७०-२०० मिमी लेन्सचे निघाले. जी लेन्स वापरातच नाही तिची नवी आवृत्ती घेण्यात अर्थ नाही.

प्रत्येक लेन्सचा माउंट नीट पाहा

कॅननच्या लेन्सवर माउंटजवळ लाल ठिपका असेल तर ती ईएफ. पांढरा चौकोन असेल तर ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली. ती फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) आरएफ बॉडीवर चालते, पण कॅमेरा आपोआप कडा कापून १.६ पट क्रॉप करतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम साडेनऊ उरतात. ही लेन्स खुशाल विका.

निकॉनवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यात खाच असलेला बारीक स्क्रू दिसतोय का पाहा. दिसला, तर त्या लेन्सचा फोकस बॉडीतल्या मोटरवर फिरतो आणि निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. जुनी ५० मिमी एफ १.८ डी निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवर बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सेसना ही अडचण नाही.

कंपनीच बदलून सोनीकडे जात असाल तर हिशेब वेगळा. सिग्माच्या एमसी-११ सारख्या अॅडॉप्टरने ईएफ लेन्स सोनीवर ऑटोफोकस करते, पण एका कंपनीच्या लेन्सचं बोलणं दुसऱ्या कंपनीच्या बॉडीला समजावून द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक लेन्सला सारखं जमत नाही. तिथे नेटिव्ह, म्हणजे त्याच माउंटच्या, लेन्सचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढा.

अॅडॉप्टरमध्ये काटकसर करू नका

मी केली होती. पाचशे-सहाशे फोटो ठीक निघाले. मग एका लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू असताना, अंतरपाट खाली येण्याच्या बेतात, अॅपर्चरच्या (लेन्समधल्या प्रकाशछिद्राच्या) आकड्याच्या जागी स्क्रीनवर ०० आलं. बॉडी धरून उचलल्यावर पुढच्या ७०-२०० च्या वजनाने अॅडॉप्टर केसभर हलला होता आणि कॉन्टॅक्ट तुटला होता. लेन्स काढून पुन्हा लावेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. तो फोटो परत मिळत नाही. शक्यतो बॉडीच्या कंपनीचाच अॅडॉप्टर घ्या. विकत घेण्याआधी लेन्स लावून हलकेच पिळून बघा, जराही खुळखुळता कामा नये. जड लेन्स असेल तर हात लेन्सखाली हवा आणि ट्रायपॉड लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्यावरच्या कड्याला.

आता बदलायला घ्या, छोटीपासून

ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम आणि तिची आरएफ बहीण, दोघींचं वजन साधारण १६० ग्रॅम. ईएफला ११० ग्रॅमचा अॅडॉप्टर जोडला की २७० ग्रॅम होतात आणि लेन्स २४ मिमी पुढे येते. खिशात मावणारी लेन्स, तिचा हलकेपणाच गेला. म्हणून ही पहिली बदला. नंतर वाइड, ती खरंच वापरत असाल तर. डीएसएलआरमध्ये आरशामुळे मागची काच सेन्सरपासून लांब ठेवावी लागते. मिररलेसमध्ये ती जवळ आणता येते, आणि त्याचा खरा फायदा वाइड लेन्सलाच होतो.

लांब टेलीला तो फायदा जवळपास मिळतच नाही. २०२१ मध्ये कॅननने आरएफ ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ काढल्या, तेव्हा काचांची रचना ईएफच्या तिसऱ्या आवृत्तीचीच ठेवली. तुमची टेली अॅडॉप्टरवर निर्धास्त वापरा. ७०-२०० मधे कुठेतरी बसते. २०१९ ची आरएफ एफ २.८ जवळपास ४०० ग्रॅमने हलकी आहे, पण तिच्यावर एक्स्टेंडर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच) बसत नाही. पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर ईएफच बरी. ठरत नसेल तर नवी लेन्स दोन दिवस भाड्याने आणा आणि नेहमीच्याच कामाला वापरून पाहा.

विकण्याआधी टॉर्च मारा

आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, लेन्सला बुरशी धरते. मागून टॉर्च मारून तिरकं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. निकॉनच्या बहुतेक एफ माउंट (डीएसएलआरच्या) लेन्सचं अॅपर्चर बॉडीवरून काढल्यावर मिटलेलं असतं. मागची छोटी दांडी बोटाने सरकवून ते उघडा, मगच आत दिसेल. बुरशी असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगा, आणि तोवर ती लेन्स नव्या लेन्ससोबत एका बॅगेत ठेवू नका.