छोट्या गावाचे लोकसंख्या आणि उत्पन्नाचे आकडे वाचायचे कसे

सगळ्यात आधी टक्के बाजूला ठेवा. ३०० लोकांच्या वस्तीतून ३० माणसं कमी झाली की लगेच "१० टक्के घट" म्हणून बोंब होते, पण ती ३० माणसं म्हणजे सहा-सात कुटुंबं, जवळची एखादी खाण नाहीतर कारखाना बंद पडला की एका वर्षात तेवढी उठून जातात. म्हणून आधी डोकी मोजा.

दोन जनगणनांचे आकडे घ्या. बऱ्याच देशांत ती १० वर्षांनी होते, कॅनडा-ऑस्ट्रेलियात ५ वर्षांनी. आणि गावाची हद्द दोन्ही वेळी तीच होती ना हे नक्की बघा, कारण शेजारची वस्ती जोडली गेली असेल तर गाव "वाढलेलं" दिसतं आणि प्रत्यक्षात एक पोरगंही वाढलेलं नसतं.

मग फरकाची फोड करा. समजा त्या १० वर्षांत जन्म २५, मृत्यू ४५, म्हणजे २० माणसं तिथेच कमी झाली, उरलेली १० गाव सोडून गेली (म्हणजे गेलेल्यांतून आलेले वजा करून). आता "सगळे शहरात पळाले" असं म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं, इथे खरं कारण गाव म्हातारं झालं हे आहे.

जन्ममृत्यूची नोंद मिळाली नाही तर माझी आवडती ट्रिक वापरा, वयोगट पुढे सरकवून बघायचा. मागच्या जनगणनेत १० ते १४ वयाची ३० मुलं होती, १० वर्षांनी २० ते २४ मध्ये १२ च दिसतात, तर १८ गेली कुठे? या वयात मृत्यू फार कमी असतात त्यामुळे बहुतेक शिक्षणाला नाहीतर कामाला बाहेर. मुलं-मुली वेगळी मोजलीत तर अजून कळतं, कित्येक ठिकाणी एकाच बाजूची गळती जास्त असते. फक्त गावात होस्टेल, तुरुंग किंवा लष्करी तळ असेल तर हे सगळं गणित फसतं.

आता उत्पन्न, इथे लोक जास्त चुकतात. सरासरी घेऊ नका, मीडियन घ्या (म्हणजे घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली की अगदी मधोमध येणारा आकडा). दहा घरं आहेत, नऊ घरांचं उत्पन्न १०० आणि एकाचं ११००, तर सरासरी येते २०० आणि गावात २०० कमावणारं घर एकही नाही! मीडियन १०० च येतो.

महागाई वजा करायला विसरू नका. उत्पन्न ४० टक्के वाढलं आणि भाव ५० टक्के वाढले तर १.४ भागिले १.५, म्हणजे माणूस साधारण ७ टक्क्यांनी मागे गेला. आकडा घराचा की माणशी हेही बघा, पाचाचं घर चाराचं झालं आणि कमाई तेवढीच राहिली तरी माणशी उत्पन्न २५ टक्के वाढतं. आणि शेतीवरचं गाव असेल तर एका वर्षावरून काहीच ठरवू नका, चांगला हंगाम आणि दुष्काळ यांची तुलना करून वाटेल ते सिद्ध करता येतं, तीन-चार वर्षं एकत्र धरा.

जनगणनेत उत्पन्न असेलच असं नाही, भारताच्या जनगणनेत तो प्रश्नच नसतो. अमेरिकेत अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आहे (निवडक घरांना उत्पन्न वगैरे विचारणारी सरकारी पाहणी) पण अगदी छोट्या गावांसाठी तो ५ वर्षांचा एकत्रित आकडा देतो, त्यामुळे २०१५-१९ आणि २०१६-२० शेजारी ठेवून "वाढ" काढली तर चार वर्षं दोन्हीकडे तीच असतात, २०१४-१८ समोर २०१९-२३ ठेवा. सोबत आकडा किती वर-खाली असू शकतो ती मर्यादाही (मार्जिन ऑफ एरर) छापलेली असते, छोट्या गावात ती इतकी मोठी असते की अख्खा ट्रेंड तिच्यात मावतो, ती वाचल्याशिवाय ग्राफ काढूच नका.

शेवटी दोन्ही आकडे एकमेकांसमोर ठेवा. लोकसंख्या घटली आणि मीडियन उत्पन्न वाढलं तर "प्रगती झाली" असं लिहायच्या आधी शोधा की गेलं कोण. मजुरी करणारी घरं निघून गेली असतील तर राहिलेल्यांची कमाई एक पैशाने न वाढताही मीडियन वर जातो.