गिळताना ठसका लागतो? घशाचे व्यायाम घरी असे करायचे

सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा आमचं सगळं लक्ष हातापायावर, पाण्याच्या घोटाला ठसका लागतो हे लक्षात यायला आठवडा गेला आणि तोवर आम्ही मान मागे करून चमच्याने पाणी पाजत होतो, जे अगदी उलटं आहे कारण मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो.

आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा. हे लोक फक्त बोलण्याचं बघतात असं आपल्याला वाटतं पण गिळण्याचं कामही त्यांचंच. काही पेशंटना तर ठसका न लागताच अन्न फुफ्फुसाकडे जातं, वरून काहीच कळत नाही, मग बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) देऊन एक्स-रेखाली गिळताना बघतात. कुठला स्नायू कमजोर आहे त्यावर व्यायाम ठरतो, म्हणून शेजारच्या काकांचा व्यायाम आपल्याला चालेलच असं नाही.

आता व्यायाम. पेशंटला खुर्चीत ताठ बसवा आणि तोंड आधी स्वच्छ करून घ्या. सगळे व्यायाम नुसता आवंढा गिळून करायचे, घास तोंडात ठेवून नाही. तोंड फारच कोरडं असेल तर ओला कापूस ओठांवरून फिरवा.

सगळ्यात सोपा म्हणजे जोर लावून गिळणं. जीभ टाळूला घट्ट दाबायची आणि घशाची सगळी ताकद लावून आवंढा गिळायचा.

दुसऱ्यासाठी आधी गळ्यावरच्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, बोट ठेवा, गिळताना ती वर जाते ना, ती वर गेली की बोटाने नाही, घशाच्या जोराने तिथेच दोन-तीन सेकंद धरून ठेवायची आणि मग सोडायची. ऐकायला सोपं, पण आमच्याकडे हे जमायला चार दिवस लागले, आरसा समोर ठेवल्यावर जमलं.

तिसऱ्यात जिभेचं टोक दातांमध्ये हलकेच धरून आवंढा गिळायचा. यात घास किंवा पाणी अजिबात नको, कारण जीभ अडकलेली असताना नीट गिळता येत नाही.

चौथा झोपून करायचा, १९९७ साली शेकर नावाच्या डॉक्टरांनी मांडलेला. उशी काढून उताणं झोपा, खांदे गादीवरच ठेवून फक्त डोकं उचला आणि पायाची बोटं बघा. १ मिनिट धरा, १ मिनिट आराम, असं ३ वेळा, मग न थांबता ३० वेळा डोकं वर-खाली. दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. म्हाताऱ्या माणसाला पहिल्या दिवशी १० सेकंदही भारी पडतात, तेवढंच करा, हळूहळू वाढेल. मानेचा त्रास असेल किंवा श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असेल तर हा करू नका, त्याऐवजी बसून हनुवटीखाली छोटा रबरी बॉल किंवा टॉवेलची गुंडाळी धरून दाबतात, आम्हाला थेरपिस्टने तेच दिलं आणि सासऱ्यांना बरंही वाटायचं कारण झोपायला लागत नाही.

दमलेल्या, झोपाळू माणसाकडून व्यायाम करून घेऊ नका, जेवायच्या आधी तर नकोच नको कारण दमलेला घसा जास्त चुकतो. जेवण झाल्यावर अर्धा तास बसूनच राहायचं. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरीत येत असेल किंवा उगाच ताप, खोकला, कफ सुरू झाला तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, उद्यावर ढकलू नका.