गरोदरपणात गॅस गिझर आणि शेगडीच्या वायूपासून आई-बाळाला कसं वाचवावं

गॅस गिझर, कोळशाची शेगडी, चूल, जनरेटर... इंधन अर्धवट जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. वारेतून (प्लासेंटातून) तो पोटातल्या बाळापर्यंतही पोहोचतो. बाळाच्या रक्तात तो सावकाश चढतो, पण आईपेक्षा वरची पातळी गाठू शकतो आणि उतरायला जास्त वेळ घेतो. म्हणूनच आईला नुसतं गरगरलं, तेवढ्यावर निभावलं असं वाटतं, आणि इकडे गर्भ दगावू शकतो.

१. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी लावून घ्या. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच गरोदर बाईला आंघोळीला जाऊ द्या. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर मेकॅनिकने पाहिल्याशिवाय गिझर पेटवू नका.

२. शेगडी झोपायच्या खोलीत नको. धूर थांबला, निखारे लाल झाले की ‘आता चालेल’ म्हणून दार लावलं जातं. पण धूर नसलेले निखारेही हा वायू सोडतच असतात. बाळंतिणीच्या शेक-शेगडीलाही हेच लागू.

३. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही याची लक्षणं. ‘दिवस गेलेत, मळमळणारच’ किंवा ‘पित्त झालं असेल’ म्हणून ती सोडून दिली जातात, याची मला फार काळजी वाटते. घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का, बाहेर गेल्यावर उतरतं का, हे विचारा.

४. शंका आली की दार-खिडक्या उघडून तिला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध असली, पण श्वास चालू असला, तर डाव्या कुशीवर वळवा.

५. दवाखान्यात पोहोचताच कितवा महिना आहे आणि ती किती वेळ कोंडलेल्या जागी होती ते सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, त्यामुळे ९८ आकडा पाहून घरी परतू नका. रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासणी (किती हिमोग्लोबिनला हा वायू चिकटलाय ते दाखवणारी) मागा आणि बाळाचे ठोके तपासायला सांगा. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला जातो. आईला हुशारी वाटू लागली तरी मास्क काढायची घाई करू नका, कारण बाळाला तो आणखी बराच वेळ लागतो. बाधा जास्त असेल तर हायपरबेरिक ऑक्सिजनची (बंद कक्षात जास्त दाबाखाली दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनची) सोय कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा.

६. घरी आल्यावर बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त गेलं किंवा पोटात कळा आल्या, तर थेट प्रसूतितज्ज्ञांकडे जा. दुर्दैवाने बाळ गेलंच, तर वायूची बाधा झाल्याची नोंद केसपेपरवर करून घ्या. ती घरी यायच्या आधी तो गिझर काढून टाका.