हटके इलेक्ट्रिक बाईक बनवताय? खान्देशच्या उन्हात या चुका टाळा भो

पेट्रोलची गाडी तशी दिसते कारण मधे इंजिन आणि त्यावर टाकी बसवायचीच असते. इलेक्ट्रिकमध्ये दोन्ही जातात, जागा मोकळी होते, मग जळगाव-धुळ्याकडची पोरं जुनी गाडी उघडून तिला काहीच्या काही आकार देतात. द्या ना, बिनधास्त द्या, फक्त काय काढताय ते काय काम करत होतं ते आधी बघा.

सगळ्यात मोठी गडबड फ्रेमची. बऱ्याच कम्युटर गाड्यांची फ्रेम डायमंड टाईप, म्हणजे पुढची नळी खाली येऊन मधेच संपते आणि तिथून मागपर्यंत इंजिनच फ्रेमचं काम करतं. ते काढलं आणि तिथे पातळ पत्र्याची पेटी दोन बोल्टवर लटकवली, की मग विचारतात स्पीडला गाडी डगमगते का, वळणावर मागचं चाक वेगळंच चालल्यासारखं का वाटतं. टायरची हवा, बेअरिंग सगळं चेक करून झालेलं असतं. एकतर खालून क्रेडल (इंजिनच्या जागेला खालून धरणाऱ्या नळ्या) वेल्ड करून घ्या, नाहीतर बॅटरीची पेटीच जाड प्लेटची करून इंजिनच्या सगळ्या माउंटिंगवर कसा. आणि ताण पेटीने घ्यायचा, सेलने नाही, आत पॅडिंग हवंच.

आता ऊन. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि बहुतेक लिथियम सेलची चार्जिंगची कमाल मर्यादा तेवढीच, ४५ अंश (डिस्चार्जला, म्हणजे गाडी चालवताना, साधारण ६० चालतं). आपण मात्र लुक भारी दिसतो म्हणून पेटीला मॅट ब्लॅक मारतो, दुपारी चोपड्याहून येतो आणि आल्या आल्या चार्जर लावतो. बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतं, आपण म्हणतो चार्जर गेला. चार्जर बदलायच्या आधी पॅकचं टेम्परेचर बघा, गाडी सावलीत गार होऊ द्या, रात्री लावा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल उन्हाला जास्त सुरक्षित आहेत, जड असले तरी मी तेच घेईन, पण गरम असताना चार्ज त्यांनाही नको. आणि पेटी पांढरी करा, हसू द्या लोकांना.

खोट्या टाकीत कंट्रोलर (मोटरला किती पॉवर द्यायची ते ठरवणारं सर्किट) लपवणं ही पण आवडती चूक. सकाळी गाडी मस्त पळते, थोड्या वेळाने पिकअप मरतो, थांबून गार झाली की परत ठीक. बिघाड काही नाही, बंद डब्यात तापून कंट्रोलर स्वतःच पॉवर कमी करतोय. त्याचे फिन (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या) वाऱ्यात येऊ द्या, टाकीत चार्जर नाहीतर जेवणाचा डबा ठेवा.

हब मोटर (चाकाच्या मधेच बसवलेली) दिसायला स्वच्छ, चेन नाही काही नाही. पण सगळं वजन चाकात जातं, खड्डा थेट कमरेत. टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी पट्टी) नसेल तर एक्सल फिरतो, वायर पिळून तुटते आणि गाडी झटका मारून बंद. कन्नड घाटात डबलसीट चढताना तर कमी स्पीड, जास्त करंट, मोटर भट्टी होते. त्यापेक्षा मधे मोटर आणि चेन, स्प्रॉकेट बदलून चढाईला जोर वाढवता येतो. फिनलंडच्या व्हर्ज कंपनीच्या टीएस बाईकचं मधून पोकळ मागचं चाक बघून रिम कापायला जाऊ नका, तिथे मोटरच रिममध्ये बसवलेली आहे.

बीएमडब्ल्यूच्या सीई ०४ सारखी बॅटरी खाली आडवी टाकायची आयडिया मात्र मला पटते, वजन खाली राहतं. फक्त रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात जायचं असेल तर खाली जाड स्किड प्लेट लावा आणि कनेक्टर वरच्या बाजूला काढा, काळ्या मातीचा चिखल कुठेही शिरतो.

राहिला कागद. कन्व्हर्जन किट (पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायचा संच) एआयएस-१२३ या भारतीय मानकाप्रमाणे मंजूर झालेलं आहे का ते किट घ्यायच्या आधीच विचारा आणि आरटीओत आरसीवर बदल नोंदवून घ्या, नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाले आधी तेच पान उघडतात.