यूएईत अडकलात तर भारतीय कॉन्सुलेटकडून मदत कशी मिळवायची

आधी एक काम करा मग पुढे वाचा. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) आणि लेबर कॉन्ट्रॅक्ट, सगळ्याचे फोटो काढून घरी बायकोला किंवा भावाला व्हॉट्सॲप करा, आणि खाली कंपनीचं पूर्ण नाव, कॅम्प म्हणजे राहायची जागा कुठे आहे, रूम नंबर, रूममधल्या एका माणसाचा नंबर हे पण टाइप करा. मी १४ वर्षं शारजात आहे, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनकडचं कोणी अडचणीत आलं की फोन येतो, आणि काम अडतं ते बहुतेक वेळा कागदाशीच.

कुठे जायचं हे आधी पक्कं करा. अबुधाबी आणि अल ऐनवाल्यांसाठी अबुधाबीतली एम्बसी. दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवेन, रास अल खैमा, फुजैरा हे सगळं दुबईच्या कॉन्सुलेटकडे. पासपोर्ट रिन्यूचं काम मात्र त्यांनी नेमलेल्या बाहेरच्या सेंटरवर होतं, त्यासाठी अपॉइंटमेंट घ्या, सुट्टी टाकून थेट कॉन्सुलेटच्या दारात जाऊ नका. अडचणीत असाल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे ८०० ४६३४२, हिंदीत बोललात तरी चालतं.

आता पगाराचं. मागच्या वर्षी एक पोरगा आला, श्रीवर्धनकडचा, २३ वर्षांचा. एसी टेक्निशियन म्हणून आणलेला आणि बांधकामावर शटरिंगच्या कामाला लावलेला, तीन महिने पगार नाही, पासपोर्ट कंपनीकडे. हातात फक्त एजंटने पाठवलेला व्हिसाचा फोटो, तोही अर्धा कापलेला. म्हणत होता कॅम्प सोडून पळतो. मी म्हटलं अजिबात नको रे, कारण तक्रार न करता कामावरून गायब झालात तर कंपनी फरार म्हणून रिपोर्ट टाकू शकते आणि मग पगार राहतो बाजूला, तुम्हीच आरोपी. पगाराची तक्रार आधी इथल्या कामगार मंत्रालयाकडे करायची, त्याचा नंबर मिळतो, तो नंबर घेऊन मग कॉन्सुलेटकडे. ते कंपनीशी बोलतात, वकिलाचा सल्ला मिळवून देतात. आणि पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं इथल्या कायद्यातच बसत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. त्या पोराचा पासपोर्ट परत मिळाला, दोन महिन्यांचा पगारही सुटला, तिसऱ्याचा नाही सुटला.

जोडीला मदद पोर्टलवर तक्रार टाका. २०१५ पासून चालू आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं आहे, आणि मुख्य म्हणजे गावाकडून तुमची बहीण पण टाकू शकते. फक्त लिहिताना रडगाणं नको, कोणत्या तारखेला आलो, कंपनी कुठली, किती महिन्यांचा पगार बाकी, इथल्या कामगार मंत्रालयाच्या तक्रारीचा नंबर, आणि मला काय हवंय ते एका ओळीत. माझ्यावर अन्याय झालाय असं पानभर लिहिलेलं वाचून समोरच्याला करायचं काय ते कळत नाही.

पासपोर्ट हरवला तर पोलिसात नोंद करायची, त्यानंतर नवीन पासपोर्ट किंवा लगेच घरी जायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते एकदाच भारतात जायला चालतं. व्हिसा संपून दंड चढला असेल तर तो इथल्या इमिग्रेशनकडे वेगळा मिटवावा लागतो, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सुटलो असं नाही.

खरंच हातात पैसाच नसेल तर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, २००९ मध्ये सुरू झालेला. राहणं-खाणं, तातडीचं औषधपाणी, तिकीट, मृतदेह नेणं यासाठी गरज बघून देतात. बँकेचं कर्ज कॉन्सुलेटवाले फेडणार नाहीत आणि स्वतःच्या अधिकारात जेलमधूनही सोडवून आणू शकत नाहीत, भेटायला जाऊ शकतात, केस कुठपर्यंत आली ते विचारू शकतात.

गावच्या जमिनीचं मुखत्यारपत्र करायचं असेल तर मजकूर गावच्या वकिलाकडूनच लिहून घ्या, गट नंबर सातबाऱ्याला लावून तपासा, आणि सही कॉन्सुलर ऑफिसरच्या समोर करायची, आधी घरून करून नेऊ नका. कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे राहतं हो लोकांचं, कागद कपाटात पडतो आणि व्यवहाराच्या दिवशी धावाधाव. इथे मूल झालं तर एक वर्षाच्या आत जन्माची नोंद करून टाका, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.

मयत झाली तर घाबरून पहिला भेटेल त्या एजंटला पैसे देऊ नका. हॉस्पिटलचा कागद, पोलिसांची एनओसी, इथला मृत्यू दाखला, मग कॉन्सुलेटमध्ये मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द आणि बॉडी न्यायची एनओसी, पुढे एम्बामिंग (बॉडी टिकवायची प्रक्रिया) आणि विमानाचं कार्गो. घरच्यांनी कोणाला अधिकार दिला त्याचं सहीचं पत्र लागतं, दफन इथेच करायचं असेल तरी घरच्यांची संमती लागते. खर्च कंपनीने करायचा असतो, नाही म्हणाली तर तसं कॉन्सुलेटला लगेच सांगा. आणि भारतातून एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी) घेऊन आलेल्याची प्रवासी भारतीय बिमा योजना असते, अपघाती मृत्यूला १० लाख, तिची पॉलिसी घरी शोधायला लावा.

एका काकांच्या वेळी घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की ते दुबईला आहेत. होते अजमानला. कंपनीचं नाव कोणालाच माहीत नाही, पासपोर्टची झेरॉक्स नाही, वहिनी फोनवर सारखी एकच सांगत होती की त्यांच्या गाडीवर निळा हत्ती आहे. त्या हत्तीवरून कंपनी शोधायला आम्हाला चार दिवस लागले.